ठिगळ कोणी लावायचे?

एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात आम्ही संगणकाच्या सुरक्षिततेवर बोलत होतो. बोललो ते नेहमीचेच : पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी पत्रातला दुवा उघडू नका, ब्राउझर अद्ययावत ठेवा. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. "सर, आम्ही तर रोज अपडेट करतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागतोच. नेमके किती वेळा करायचे?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि 'काहीतरी बिघाड असेल, कोणाला तरी दाखवून घ्या' असे मोघम उत्तर देऊन मोकळे झालो. परतीच्या एसटीत मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

महिनाभराने त्याच भागात दुसऱ्या कामासाठी जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून बाईंच्या शाळेत गेलो. संगणक-कक्षात अठरा यंत्रे, पैकी चौदा चालू. त्यांतली चार फार जुनी. त्यांच्याविषयी पुढे सांगू. उरलेल्या दहांचा उलगडा व्हायला अर्धा तास पुरला. यंत्रे बसवणाऱ्या पुरवठादाराने प्रत्येक संगणकात एक राखणदार आज्ञावली घालून ठेवली होती. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की ही आज्ञावली चकतीवरचे सारे काही पहिल्या दिवशी होते तसे करून ठेवते. मुलांनी काही पुसले, कोठून विषाणू शिरला, कोणी पडद्यावरचे चित्र बदलले, तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. कल्पना वाईट नाही. शाळांत आणि सायबर कॅफेंत ती सर्रास वापरली गेली आहे. पण पाटी पुसताना वाईटाबरोबर चांगलेही पुसले जाते. बाई रोज परिपाठानंतर दहा संगणकांवर ब्राउझरची नवी आवृत्ती उतरवून घेत, संध्याकाळी संगणक बंद होत, आणि सकाळी तीन वर्षांपूर्वीचा ब्राउझर पुन्हा हजर! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

यात बाईंची चूक नव्हती. पुरवठादाराने यंत्रे अशी बसवली तरी 'आठवड्यातून एकदा राखणदाराला सुट्टी द्या' एवढे सांगायला हवे होते. ते त्याने सांगितले नाही. पण खरी चूक आमची होती. 'अद्ययावत ठेवा' हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे व्यासपीठावरून म्हणत आलो. ते केल्याने संगणकात नेमके काय बदलते, बदल टिकला की नाही हे कसे पाहायचे, आणि मुळात ते का करायचे, यांतले काहीही आम्ही सांगितले नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्यांपुढे आम्ही एक मंत्र म्हणून दाखवला होता आणि त्यांनी तो निष्ठेने जपला होता.

आमचीच ही गोष्ट नाही. शाळांच्या भिंतींवरची पत्रके, सायबर सुरक्षा सप्ताहातील व्याख्याने, संगणकाच्या पुस्तिकांतले 'हे करा, हे करू नका' असे रकाने पाहिले तर सगळीकडे हाच मंत्र दिसतो. 'पाणी उकळून प्या' हीही एक घोषणाच आहे. पण शाळेत आपण तिच्यापाशी थांबत नाही. पाण्यात काय असते, ते उकळल्याने काय होते, उकळलेले पाणी उघडे ठेवले तर काय होते, हे मुलांना सांगतो. म्हणून ते मूल उद्या घरच्या माठाविषयी स्वतःच्या डोक्याने विचार करू शकते. ब्राउझरच्या बाबतीत मात्र जंतूचा धडाच गाळलेला आहे.

वर्तमानपत्रांनी यात भर घातली आहे. केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था २००४ सालापासून संगणकांवरील हल्ल्यांविषयी सूचना देण्याचे काम करते. क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरांत दोष सापडला की तिचे पत्रक निघते. पत्रक रूक्ष असते, पण कामाचे असते : कोणत्या आवृत्तीपर्यंत दोष आहे, तो कोणत्या भागात आहे, कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला. बातमीत उतरताना यातले आवृत्तीचे आकडे बहुधा गळतात आणि 'क्रोम वापरणाऱ्यांनो सावधान' अशा धर्तीचा मथळा उरतो. वर्षातून अनेकदा तोच मथळा वाचून वाचक सावध तर होत नाहीच, कोडगा होतो. लांडगा आला रे आला! फरक एवढाच, की इथे लांडगा बहुतेक वेळा खरोखरच आलेला असतो.

गोंधळाची सुरुवात कदाचित शब्दापासूनच झाली असावी. ब्राउझर या शब्दाला मराठीत 'न्याहाळक' असा प्रतिशब्द आहे. शब्द देखणा आहे, मूळ इंग्रजी शब्दाच्या अर्थाशी इमानही राखतो. आणि म्हणूनच त्याच्याइतकाच फसवा आहे. न्याहाळणारा माणूस दुकानाच्या काचेबाहेर उभा असतो. काचेतून पाहिल्याने कोणाच्या घरात चोर शिरत नाही. पण ब्राउझर हे काम करतच नाही. आपण एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाकतो, तेव्हा ब्राउझर तिकडून मजकूर, चित्रे, अक्षरांचे वळण, ध्वनी आणि, मुख्य म्हणजे, जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या आपल्या संगणकावर आणतो आणि त्या आपल्या संगणकावर चालवतो. ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाने लिहिलेल्या आज्ञा, आपल्या यंत्रावर, आपण पान उघडल्याबरोबर! न्याहाळणे दूरच राहिले, परक्या पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवणे झाले. पाहुण्याने फक्त पाटावर बसावे, फडताळाला हात लावू नये, ही व्यवस्था ब्राउझरने ठेवायची असते. ती व्यवस्था करणाऱ्या आज्ञांच्या ओळी कोटीच्या हिशेबात मोजाव्या लागतात, आणि त्या माणसांनी लिहिलेल्या आहेत.

त्यांत चूक कशी राहते हे एका खऱ्या उदाहरणाने पाहू. उदाहरण २०२३ सालच्या सप्टेंबरमधले आहे. ते निवडले याचे कारण असे, की नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल इतके त्याचे गणित सोपे आहे.

चित्र साठवण्याची 'वेबपी' नावाची एक पद्धत गूगलने २०१० साली जाहीर केली. चित्राचा आकार लहान करणे हा तिचा हेतू. त्यासाठी ती इतर युक्त्यांबरोबर हफमन-संकेत वापरते. डेव्हिड हफमन हे एमआयटीतले विद्यार्थी. त्यांचे शिक्षक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला होता. हफमन यांनी निबंध निवडला आणि त्यातून १९५२ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत निघाली. (आपल्याकडे असा पर्याय देणाऱ्या शिक्षकाला खुलासा लिहून द्यावा लागेल, पण ते असो.) कल्पना अशी : जे चिन्ह वारंवार येते त्याला छोटा संकेत द्यायचा, जे क्वचित येते त्याला लांब. सोळा चौकटींचे एक चित्र घ्या. त्यात ८ चौकटी पांढऱ्या, ४ करड्या, २ काळ्या, २ तांबड्या. रंग चार, म्हणून प्रत्येकाला दोन अंकी संकेत दिला तर एकूण ३२ बिट लागतील. त्याऐवजी पांढऱ्याला ०, करड्याला १०, काळ्याला ११० आणि तांबड्याला १११ असे संकेत दिले तर? ८ अधिक ८ अधिक ६ अधिक ६, म्हणजे २८ बिट. शिवाय कोणताही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नाही, त्यामुळे मध्ये स्वल्पविराम न देताही ओळ नेमकी वाचता येते. मुलांना एखादी ओळ वाचायला देऊन पाहा, त्यांना मजा येते.

आता या संकेतांच्या लांबी पाहा : १, २, ३, ३. प्रत्येक लांबीसाठी दोनाचा तेवढा घात घेऊन त्याचा व्यस्त मांडा. एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश, एक अष्टमांश. बेरीज बरोबर १. हा योगायोग नव्हे. असे संकेत नीट आणि पुरे बसवले असतील तर ही बेरीज १ येते. लिऑन क्राफ्ट यांनी १९४९ सालच्या प्रबंधात मांडलेल्या नियमाचाच हा भाग आहे. म्हणजे नुसत्या लांबींची यादी हातात आली, तरी ती खरी की बनावट हे एका बेरजेने तपासता येते.

वेबपी चित्राच्या धारिकेत सुरुवातीला अशी लांबींची यादी येते. ती वाचून ब्राउझरने संकेत उलगडण्याचा तक्ता तयार करायचा असतो. वेग वाढावा म्हणून हा तक्ता दोन मजली केला होता. संकेताच्या पहिल्या आठ बिटांवरून २५६ खान्यांच्या पहिल्या तक्त्यात पाहायचे. संकेत आठपेक्षा लांब असेल (कमाल लांबी १५) तर तिथून दुसऱ्या मजल्यावरच्या तक्त्याकडे जायचे. असे पाच तक्ते मिळून जास्तीत जास्त किती जागा लागेल, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आधीच गणिताने काढून ठेवले होते. सर्वांत साध्या प्रकारच्या चित्रासाठी तो आकडा २,९५४ नोंदी असा होता, आणि स्मृतीत तेवढीच जागा राखली जात होती. हे गणित बिनचूक होते. मात्र ते एका गृहीतावर उभे होते : यादी खरी आहे, म्हणजे वरची बेरीज १ येते आहे.

यादी खरी आहे की नाही हे आज्ञावली तपासत होती का? तपासत होती. पण तक्ता भरून झाल्यावर! चाळीस बाकांच्या वर्गात आधी येईल त्याला आत घ्यायचे आणि सगळे आत आल्यावर दाखले पाहायचे, असा तो प्रकार. दाखला खोटा निघाला तर मुलाला परत पाठवता येते. पण तोवर चाळीस बाके संपून उरलेली मुले शेजारच्या वर्गात जाऊन बसलेली असतात. कोणी जाणूनबुजून बेरीज चुकणारी यादी चित्रात घातली, तर आज्ञावली राखलेल्या जागेच्या पलीकडे लिहीत जाते. पलीकडची जागा रिकामी नसते. तिथे ब्राउझरच्या दुसऱ्या कामाची माहिती असते, पुढे कोणती आज्ञा चालवायची याचे पत्तेही असू शकतात. तिथे काय लिहिले जावे हे ज्याला काळजीपूर्वक ठरवता येते, तो हळूहळू यंत्राचा लगाम हातात घेऊ शकतो. हे सोपे नाही. आधुनिक ब्राउझरमध्ये परकी पाने एका बंदिस्त कप्प्यात चालतात आणि त्या कप्प्याबाहेर पडायला सहसा दुसरा एखादा दोष हाताशी असावा लागतो. पण असे करणारे लोक आहेत, आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात.

दुरुस्ती काय केली? सारांशाने सांगायचे तर क्रम बदलला : आधी यादी तपासून लागणारी जागा मोजायची, मग तक्ता भरायचा. ज्या शिक्षकांनी गणिताच्या पेपरात 'पडताळा' न घेतल्याबद्दल गुण कापले आहेत त्यांना हे वाचून समाधान वाटायला हरकत नाही.

आता तारखा पाहा. टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब आणि अ‍ॅपलचे अभियंते यांनी ६ सप्टेंबरला हा दोष गूगलला कळवला. ७ तारखेला अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली. चित्र वाचण्याच्या दोषाचा फायदा घेऊन एका स्वयंसेवी संस्थेतील कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये 'पेगासस' ही हेरगिरीची आज्ञावली घुसवण्याचा प्रकार सिटिझन लॅबला आढळला होता. फोनधारकाने काहीही दाबावे लागत नव्हते. हा दोष आणि वेबपीचा दोष एकच, असे मत नंतर अनेक तज्ज्ञांनी दिले. ११ तारखेला क्रोमची, १२ तारखेला फायरफॉक्सची दुरुस्ती आली. सहा दिवसांत एवढे काम होणे ही कौतुकाची गोष्ट आहे, आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

पण याच प्रकरणात नामकरणाचा एक घोळही झाला. गूगलने सुरुवातीला हा दोष 'क्रोमचा' म्हणून नोंदवला. वस्तुतः तो वेबपी उलगडणाऱ्या एका सामायिक आज्ञासंचात होता, आणि तो संच जगभरच्या असंख्य उपयोजनांच्या पोटात आहे. फायरफॉक्समध्ये तोच होता. सिग्नलच्या संगणकावरील आवृत्तीसारखी जी उपयोजने वरून स्वतंत्र दिसतात पण आतून क्रोमचाच सांगाडा वापरतात, त्यांच्यातही होता. सप्टेंबरच्या अखेरीस गूगलने त्या आज्ञासंचासाठी वेगळा क्रमांक घेतला, तो दुबार म्हणून रद्द झाला आणि मूळ नोंदीचे वर्णन वाढवले गेले. मधल्या दोन आठवड्यांत 'मी क्रोम वापरत नाही, मला काय त्याचे' असे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. भिंतीवरच्या पत्रकात एका ब्राउझरचे नाव छापून आपण नेमका हाच गैरसमज पक्का करतो.

ही चूक अपवादात्मक नाही. राखलेल्या जागेबाहेर लिहिले जाणे हा प्रकार १९८८ सालच्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म नावाच्या आज्ञावलीने इंटरनेट ठप्प केले तेव्हाच गाजला होता. सी भाषा आणि तिचे वंशज यांत सीमा पाहण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, भाषा स्वतः ती घेत नाही. क्रोमियमच्या अभियंत्यांनी २०२० साली सांगितले, की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या असुरक्षित हाताळणीचे होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली स्वतःविषयी जवळपास तेवढाच आकडा दिला होता. रस्टसारख्या, सीमा स्वतः पाहणाऱ्या भाषांत हळूहळू ब्राउझरचे भाग लिहिले जात आहेत. पण कोट्यवधी ओळी एका रात्रीत बदलत नाहीत. तोवर ठिगळे लागत राहणार.

आणि ठिगळ लावण्यात एक विलक्षण पेच आहे, जो कोणत्याच पत्रकात सांगितलेला नसतो. क्रोमियम, फायरफॉक्स यांच्या आज्ञा सर्वांना वाचायला खुल्या आहेत. दुरुस्ती त्या आज्ञांत केली गेली, की ती जगाला दिसते. चांगल्यांना दिसते तशी वाईटांनाही. ठिगळ कोठे लावले हे पाहिले की भोक कोठे होते ते कळते. म्हणजे दुरुस्ती लिहिली गेल्यापासून ती आपल्या यंत्रावर पोचेपर्यंतचा काळ हा एका परीने सर्वांत धोक्याचा असतो. क्रोममध्ये हा काळ पूर्वी सरासरी ३५ दिवसांच्या घरात होता. दुरुस्त्या पंधरवड्याने देऊ लागल्यावर तो १५ दिवसांवर आला, आणि ऑगस्ट २०२३ पासून त्या दर आठवड्याला निघू लागल्या त्या हा काळ आणखी कमी करण्यासाठी. 'आत्ताच तर केले होते, पुन्हा काय?' या बाईंच्या सहकाऱ्यांच्या त्राग्याला खरे उत्तर हे आहे. जुना ब्राउझर काळाबरोबर झिजून कमकुवत होत नाही. तो होता तसाच असतो. त्याच्याविषयी इतरांचे ज्ञान वाढत जाते. हा फरक विद्यार्थ्यांना समजला तर बाकीचे ते स्वतः काढतील.

नुसत्या मंत्राचा आणखी एक तोटा आहे, आणि तो आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. 'अपडेट करा म्हटले की करा' अशी सवय लावलेल्या माणसाला फसवायचे तर काय करावे? त्याला अपडेट करा असे म्हणावे. २०१८ पासून 'सॉकघोलिश' या नावाने ओळखली जाणारी टोळधाड हेच करत आली आहे. एखादे सज्जन संकेतस्थळ फोडायचे, तिथे येणाऱ्याला 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे' असे हुबेहूब दिसणारे पान दाखवायचे, आणि त्याने बटण दाबले की ब्राउझरऐवजी घातक धारिका उतरवायची. आमच्या परिचयाचे एक मुख्याध्यापक अशाच एका पानाला बळी पडले. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावरच्या साऱ्या धारिका कुलूपबंद झाल्या, त्यांत दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण होते. ते गृहस्थ निष्काळजी नव्हते. उलट आमच्या शिबिराला येऊन, वहीत टिपणे घेऊन गेलेले होते. त्यांनी आम्हांला फोन केला तेव्हा एकच वाक्य म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलेत तेच केले." त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर खरे तर दोन ओळींचे आहे, पण ते ब्राउझर कसा चालतो हे सांगितल्याखेरीज समजत नाही. खरी दुरुस्ती कधीही एखाद्या पानाच्या आतून येत नाही. पान हे परक्याच्या ताब्यातले असते. ब्राउझरची चौकट, तिच्या कोपऱ्यातली तीन टिंबे किंवा तीन रेघा, ही आपल्या ताब्यातली. तिथून 'मदत' आणि मग ब्राउझरविषयीच्या माहितीपाशी गेले, की आवृत्तीचा क्रमांक दिसतो आणि नवी आवृत्ती असेल तर ब्राउझर स्वतःच ती आणतो, ती खरोखर निर्मात्याकडूनच आली आहे याची डिजिटल सही तपासतो, आणि स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतो. हे शेवटचे पाऊल फार जण गाळतात. ब्राउझर आठवडेच्या आठवडे उघडा ठेवला तर दुरुस्ती उतरलेली असूनही लागू होत नाही. औषध आणून फडताळात ठेवण्यासारखे. क्रमांक वहीत लिहून ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला, एवढे जरी आम्ही त्या बाईंना सांगितले असते तरी राखणदाराचा खेळ त्यांना पहिल्याच आठवड्यात कळला असता.

इथवर वापरणाऱ्याच्या अज्ञानाविषयी झाले. पण सगळे ओझे वापरणाऱ्याच्या डोक्यावर देऊन निर्माते नामानिराळे होतात त्याचे काय? जानेवारी २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधल्या एका दोषाचा वापर करून गूगलसह अनेक कंपन्यांवर हल्ला झाल्याचे उघड झाले. जर्मनीच्या सरकारी सुरक्षा कार्यालयाने नागरिकांना तो ब्राउझर तूर्त वापरू नका असे सांगितले. दुरुस्ती २१ जानेवारीला आली; आणि तो दोष आपल्याला आदल्या सप्टेंबरपासून ठाऊक होता, असे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केले. त्या चार महिन्यांत जगातल्या सर्वांत दक्ष माणसाने रोज अपडेटचे बटण दाबले असते तरी काय मिळाले असते?

दुसरी तक्रार मोळीची. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि रंगरूपातले, सोयींतले बदल वेगळे असे सहसा मिळत नाही. सगळे एकत्र बांधून येते. क्रोमने २०२४-२५ मध्ये विस्तारकांची जुनी पद्धत बंद केली आणि जाहिराती अडवणारा एक लोकप्रिय विस्तारक त्याच्या मूळ रूपात तिथे चालेनासा झाला. नव्या पद्धतीच्या समर्थनार्थ सुरक्षेचीही कारणे दिली गेली, ती सगळीच खोटी नव्हती. पण जाहिरातींवर ज्याचे उत्पन्न आहे त्यानेच हा निर्णय घ्यावा, हे डोळ्यांत खुपल्याशिवाय राहत नाही. अशा अनुभवानंतर एखाद्याने अपडेट बंदच करून टाकले तर तो चुकतो खरा, पण त्याला मूर्ख म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फायरफॉक्सची दीर्घकालीन आवृत्ती या बाबतीत बरी : तिच्यात सुमारे वर्षभर रूप तेच राहते आणि सुरक्षेची ठिगळे तेवढी लागत राहतात. शाळेच्या कक्षासाठी ती अधिक योग्य आहे, आणि तरीही तिचे नाव शाळांत क्वचितच ऐकू येते.

आता त्या चार जुन्या यंत्रांकडे येऊ. त्यांवर विंडोज ७ होते. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली ती विंडोज १० किंवा त्यापुढचे मागू लागली. या यंत्रांवर 'अद्ययावत ठेवा' या उपदेशाला अर्थच उरत नाही. बाईंनी कितीही निष्ठेने बटण दाबले तरी पलीकडून काही येणार नाही. वरच्या वेबपीच्या दोषाची दुरुस्ती त्या वर्षीच्या सप्टेंबरातली. म्हणजे भोक आहे, ठिगळ आहे, पण या कापडाला ते लागणार नाही. नवी यंत्रे घ्या असे सांगणे सोपे आहे. अनुदानातून एकदा मिळालेले संगणक पुन्हा कधी मिळतील हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते सांगणे ही थट्टा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवला आहे, तेव्हा आज जी दहा यंत्रे बरी दिसतात तीही याच वाटेवर आहेत. ब्राउझरचे निर्माते अजून विंडोज १० सोडून गेलेले नाहीत, एवढाच दिलासा.

मार्ग नाही असे नाही. केरळने २००१ साली सुरू केलेल्या शालेय संगणक प्रकल्पात पुढे मुक्त आज्ञावलींची वाट धरली आणि तिथल्या शाळा लिनक्सवर चालतात. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. यंत्र चौसष्ट बिटांचे असेल तर जुन्या संगणकावरही लिनक्सबरोबर आजचा ब्राउझर मिळतो. मंद चालतो, पण आजचा असतो. बाईंच्या चार यंत्रांपैकी तिघांवर आम्ही तो घातला. दहा यंत्रांवरच्या राखणदाराला दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोन तास सुट्टी द्यायची व्यवस्था केली. ती कोणी द्यायची आणि सोमवारी आवृत्तीचा क्रमांक वहीत कोणी उतरवायचा, याच्या पाळ्या नववीच्या मुलामुलींनी लावून घेतल्या. त्यांतल्या एका मुलीने विचारले, की क्रमांकात चार आकडे का असतात आणि शेवटचाच इतक्यांदा का बदलतो. तो तास मग वेगळ्याच दिशेने गेला.

चौथे यंत्र राहिले. त्यावर शाळेच्या निकालपत्रकांची एक जुनी आज्ञावली होती. ती विंडोज ७ सोडून कशावरही चालत नव्हती, आणि लिहिणारा आता सापडत नव्हता. "याचे काय करायचे, सर?" बाईंनी विचारले. आमच्या प्रयोगशाळेतही वर्णपट मोजण्याच्या उपकरणाला जोडलेला एक संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो, कारण उपकरणाची आज्ञावली दुसरे काही ओळखत नाही. आम्ही त्याची नेटची वायर काढून टाकली आहे आणि त्यातली माहिती बाहेर न्यायला एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवला आहे, हे त्यांना सांगितले. बाईंनी शिपाईमामांना हाक मारली, यंत्रामागची निळी वायर काढवली, गुंडाळली आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली.